पोत्याखालची आक्काबाई

रोहिदासनं बटणांचे शर्ट घालायचं का सोडलं, हा किडा सुप्रियाच्या डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना.

काळजीला दुसरी कारणं नव्हती असं नाही. सव्वीस वर्षांचा मुलगा, कुरुळीहून चाकणच्या कंपनीत मोटरसायकलवर जायचा, आणि त्या रस्त्यावर कंटेनरवाले असे चालवतात की जणू रस्ता त्यांच्या आजोबांनी आंदण दिलाय. पण ती काळजी रोजची होती, अंगवळणी पडलेली. शर्टाचं तसं नव्हतं. दिवाळीला घेतलेला मोरपंखी शर्ट कपाटात तसाच, घडीतल्या पुठ्ठ्यासकट. रोहिदास आपला टी-शर्ट डोक्यातून ओढायचा आणि चालू पडायचा. मावसभावाच्या लग्नाला तिनं हट्टानं शर्ट घालायला लावला, तर साहेब बापापुढे मनगटं धरून उभे.

"अण्णा, बाह्यांची बटणं लावा की जरा."

भिमाजीनं बटणं लावली. "नवरदेव दुसराच हाय आज. तुला कशाला नटवायचा?"

मांडवात सगळे हसले, रोहिदासही हसला. सुप्रियाला तेवढं दिसलं की गळ्याखालची बटणं त्यानं आधी स्वतः लावून बघितली होती आणि एक वर, एक खाली लागलं होतं.

घरी आल्यावर तिनं विषय काढला तर भिमाजी म्हणाला, "अगं, फॅशन आसंल. आमच्या बंडीला बी बटणं न्हवती, नाड्या हुत्या. आमी काय आजारी हुतो व्हय?"

भिमाजीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. वावरात कांदा आणि गोठ्यात दोन गाई, यापलीकडच्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं उत्तर 'आसंल' हेच असायचं.

तसं पाहिलं तर रोहिदासच्या हातांची काळजी करणाऱ्या बाईला कुरुळीत कुणीही वेड्यात काढलं असतं. ते हात गावात प्रसिद्ध होते. चार वर्षांचा असताना हातात वासराचं दावं धरून उभा होता. वासरू उधळलं. पोरगं वावरातून फरफटत थेट ओढ्यापर्यंत गेलं, गुडघे सोलले, चड्डी गेली, पण दावं काही सुटलं नाही. सुप्रिया धावत पोचली तेव्हा हा चिखलात पालथा.

"अरे, सोडायचं ना!"

"सोडलं असतं तर पळालं असतं ना ते!" असं म्हणून वर आईकडेच रागानं बघितलेलं.

पुढे ती पकड वाढतच गेली. शेजारच्या शालनबाईंच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की बरणी इकडे यायची. जावई घरात असला तरी इकडेच यायची, आणि मुद्दाम जावयाला दिसेल अशी यायची. गावच्या कबड्डी संघात तर रोहिदास कोपऱ्यावर उभा राहिला की समोरचा चढाई करणारा त्या बाजूला फिरकायचाच नाही. त्याच्या हातात घोटा सापडला म्हणजे विषय संपला. अभ्यासात यथातथाच, आई निगडीची, बी.एस्सी. झालेली, गल्लीतल्या दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवणारी, पण घरच्या दिव्याखाली अंधार म्हणावा तर तोही नाही, नुसता मिणमिणता उजेड. आयटीआय केलं आणि कास्टिंगच्या कंपनीत चिकटला.

साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा खडबडीत असतात. त्या हँड ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करायच्या, हे त्याचं काम. दिवसभर ग्राइंडर, दिवसभर ठिणग्या. आणि तिथेच त्याची आक्काबाईशी गाठ पडली.

आक्काबाई हे त्या खात्यातल्या सगळ्यात जुन्या ग्राइंडरचं नाव. कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण एकदा सुरू झाली की ऐकत नाही म्हणून ठेवलं, यावर सगळ्यांचं एकमत. बाजूची मूठ केव्हाच तुटलेली. रोहिदासनंच तिथे नळीचा तुकडा बसवून वर सायकलची ट्यूब गुंडाळली होती. बेअरिंग खिळखिळं. चालू केली की धरणाऱ्याचे दात वाजायचे. पण कापायची मात्र लोण्यासारखी, नव्या मशीनला हेवा वाटेल अशी. इतरांचे हात थोड्याच वेळात भरून यायचे. पूर्ण शिफ्ट आक्काबाईला सांभाळणारा माणूस एकच.

"आक्काबाई फक्त रोहिदासचं ऐकती राव," असं खात्यात म्हणायचे, आणि घरी येऊन तो हे सांगायचा तेव्हा छाती अशी फुगायची की टी-शर्टाचीही शिवण उसवावी. खंडेनवमीला तिला सगळ्यात मोठा झेंडूचा हार घालायचा मान त्याचाच.

मग घरात एकेक गमती व्हायला लागल्या. गमती हा रोहिदासचा शब्द. एकदा सुप्रिया भाकऱ्या करत होती. हा आला, तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी नुसत्या बोटांनी उचलून ताटात घेतली. आधी हाच पोरगा गरम फुलपात्राला हात लागला तरी आळी गोळा करायचा.

"भाजलं नाही?"

"तुझ्या मुलाचे हात लोखंडाचे झालेत आई."

थंडीत पहिल्या शिफ्टला निघताना त्यानं तिला एक जादू दाखवली. मोटरसायकलचं हँडल धरून फाटकाबाहेर एक चक्कर मारून आला आणि हात पुढे केले. डाव्या हाताची तीन बोटं टोकापासून मधल्या पेरापर्यंत पांढरी फटक.

"बघ, खडू! तुझ्या क्लासच्या फळ्यावर लिहू का?"

सुप्रियानं ती बोटं आपल्या मुठीत धरली. थंडगार. तिनं चोळली, फुंकर घातली, पदरात गुंडाळली. हळूहळू लाल झाली तसा तो ओठ चावून हात झटकायला लागला. मुंग्या येतात म्हणाला. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, मुंग्या राहिल्या.

अशात एक दिवस तो जेवताना म्हणाला, "आमच्याकडे मशीनचं हादरणं मोजायला मॅडम येणारेत. बाहेरून. मशीन किती हादरतं ते बघून, माणसानं दिवसात किती वेळ धरायचं ते ठरवणार म्हणे."

सुप्रियाच्या हातातला डाव आमटीतच राहिला. जगात हे मोजणारं कुणी आहे! आणि ते कुणी चाकणला येणार आहे! मापात तिचा पक्का विश्वास. ताप आला की कपाळाला हात लावणाऱ्यांचा तिला राग यायचा. थर्मामीटर लावा, आकडा काय येतो बघा. मॅडम येणार त्या दिवशी तिनं डब्यात शेंगदाण्याचा ठेचा जरा जास्तच दिला, पाहुण्या मॅडमना द्यायला म्हणून.

मॅडमचं नाव मिनल. दुपारी ती सगळ्यांबरोबर कँटीनमध्ये जेवली, ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा मागून घेतला. संध्याकाळी रोहिदास घरी पोचला तोच त्याच्या फोनवर तिचा फोन, आईला द्या म्हणून.

"काकू, लसूण भाजून घालता की कच्चा?"

लसणावरून गाडी हादऱ्यावर यायला वेळ लागला नाही. मिनल बोलघेवडी होती. ग्राइंडरच्या मुठीवर एक चिमुकली डबी पट्टीनं घट्ट बांधायची, तिची वायर यंत्राला जोडायची, आणि माणूस नेहमीसारखं काम करत असताना हादरा मोजायचा, असं तिनं सांगितलं.

"दोन गोष्टी बघायच्या काकू. मशीन किती हादरतं आणि हातात किती वेळ असतं. हादरा दुप्पट झाला तर वेळ निम्मा करून भागत नाही, चौथाईवर आणावा लागतो."

"म्हणजे वर्गाच्या प्रमाणात," सुप्रिया म्हणाली.

"अगदी बरोबर! नाहीतर बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होत जातात. आधी मुंग्या, मग बोटं पांढरी, मग स्पर्श कमी. लवकर थांबलं तर निभावतं. उशीर झाला तर गेलेला स्पर्श परत येईलच असं सांगता येत नाही. मी आज सगळ्यांना विचारलं, कुणाला त्रास आहे का. कुणालाच नाही म्हणाले."

सुप्रियानं समोर बघितलं. रोहिदास दोन्ही हात जोडून, मान हलवून, डोळ्यांनी 'नको, नको' करत होता. नाटक कंपनीत असता तर बक्षीस मिळालं असतं. आकडे येतील, तिनं मनाशी म्हटलं. आकडे आले की मला बोलायची गरजच नाही. तिनं मिनलचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला, ठेच्याची कृती पाठवली आणि वाट बघत बसली.

आकडे आले. हादरा मर्यादेत. पूर्ण शिफ्ट वापरायला हरकत नाही. काहीही बदलायची गरज नाही.

"झालं समाधान?" रोहिदासनं विचारलं.

सुप्रियानं शिरा केला. पण शिरा खाताना त्यानं चमचा मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा. आकडा एक सांगत होता, चमचा दुसरंच.

पुढच्या रविवारी बाळू जेवायला आला. बाळू रोहिदासच्या शेजारच्या बाकावर काम करतो. घासागणिक एक गोष्ट, अशी त्याची जेवायची पद्धत.

"काकू, तुमाला सांगितलं का न्हाई यानं? आमी मशीन दाखवायचा कार्यक्रम केला ते?"

"कसला कार्यक्रम?"

"बाळ्या, भाकरी खा," रोहिदास म्हणाला.

"अरे सांगू दे की भावा! काकू, आदल्या दिवशी आमचे सुपरवायझर शेखरभाऊ आले. म्हणाले, उद्या पाहुणे येणारेत, लाज काढू नका. मग काय, फरशी धुतली. बाकांना रंग दिला. आणि कपाटातली सूनबाई बाहेर काढली."

"ही कोण आता?"

"नवीन ग्राइंडर हो! कंपनीनं घेतलाय, पण वापरत न्हाई आमी. ऑडिट आलं, साहेब आले, की काढायचा. कसली गुणी हाय राव! हातात घेतली तरी चालू हाय का बंद, समजत न्हाई. तिला पुसली, नवी डिस्क लावली, कुंकवाचं बोट तेवढं लावायचं राहिलं."

भिमाजी हसता हसता ठसकला. "आन म्हातारी? आक्काबाई?"

"तिला बाकाखाली ढकलली आन वर पोतं टाकलं! मॅडम नेमक्या त्याच बाकापाशी उभ्या. विचारत्यात, 'रोज हेच मशीन वापरता ना?' आमी सगळे एका सुरात: व्हय मॅडम! आन ह्यो," बाळूनं रोहिदासकडे बोट केलं, "ह्यो हातमोजे घालून असा नाजूक धरून उभा, जसा काय मुलगी बघायला आलेल्यांना चहाचा ट्रे देतोय!"

बाळूनं पाण्याचा तांब्या दोन बोटांत धरून, मान खाली घालून, लाजत लाजत ट्रे देऊन दाखवला. सुप्रियालाही हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"म्हणजे मोजलं ते सूनबाईला."

"मग! आक्काबाईला कोण दाखवणार काकू?"

"आणि रोज धरायची ती आक्काबाई."

बाळूनं घास तोंडात घातला आणि या वेळी गोष्ट सांगितली नाही. जेवण आटोपून, 'बरं येतो काकू' म्हणून तो पटकन सटकला.

"रोहिदास," सुप्रिया म्हणाली, "हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? घरी पाहुणे आले की तू कान तुटलेल्या कपात चहा देतेस का? ते फुलांचे कप काढतेस ना वरच्या फळीवरून? मग! कंपनीत पाहुणे आले, आम्ही चांगलं मशीन काढलं."

"माझा कान तुटलेला कप कुणाची बोटं खात नाही."

"आई, तू पण ना."

"आणि सूनबाई एवढी गुणी आहे तर रोज का नाही वापरत?"

"चांगली वस्तू रोज वापरली तर चांगली कशी राहील?" तो अगदी सरळपणानं म्हणाला. "शिवाय आक्काबाई कापते झपाझप. तिला दुसरं कुणी धरू शकत नाही. मी धरतो. उद्या त्या मॅडमनी तिला मोजलं तर काय होईल? आक्काबाई भंगारात, आणि मला म्हणतील, तू थोडाच वेळ ग्राइंडर धरायचा, बाकी वेळ तिकडे बस, खोक्यांना चिकटपट्ट्या लाव. रोहिदास आणि चिकटपट्ट्या! अख्खं खातं हसंल."

"हसू दे."

"तुला काय जातंय म्हणायला? मी तिथे कोण आहे? आक्काबाईला धरणारा. ती गेली की मी कोण?"

त्याचा आवाज जरासा चिरकला. भिमाजीनं उठून गाईंना पाणी दाखवायला जायचं निमित्त काढलं. सुप्रियानं ताटं गोळा केली. तिला त्याचं म्हणणं कळत होतं, हीच तर पंचाईत होती. वासराच्या दाव्याला लोंबकळणारं पोर आता मोठं झालं होतं, एवढंच.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना होता, शेजारच्या मोई गावच्या संघाशी. सुप्रिया एरवी जायची नाही. पोरगं आपटलेलं तिला बघवायचं नाही. आज गेली. शालनबाईंना घेऊन भिंतीकडेला उभी राहिली.

मोईचा एक काटकुळा पोरगा चढाईला आला. नवखा असणार, कारण सरळ रोहिदासच्या कोपऱ्याकडे गेला. बायकांत खसखस पिकली. "गेलं बिचारं," शालनबाई म्हणाल्या, "लोणच्याची बरणीच समजा." रोहिदासनं झेप घेतली. डावा हात बरोब्बर घोट्यावर पडला. गावानं आरोळी ठोकली.

आणि रोहिदासनं मान खाली घालून आपल्या हाताकडे बघितलं.

बाकीच्यांना ते दिसलं नसेल. निमिषभराचीच गोष्ट. पण घोटा हातात आहे की नाही, हे त्याला हातानं कळलं नव्हतं. डोळ्यांनी बघावं लागलं. तेवढ्यात काटकुळ्यानं पाय झटकला, गडी मध्यरेषेवर पोचला, आणि मोईच्या पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं.

"घामानं निसटला आसंल," शालनबाई म्हणाल्या.

रोहिदास अजून आपल्या पंजाकडेच बघत होता. मग नजर वर आली ती थेट भिंतीकडे. आईनं बघितलंय हे त्याला समजलं. तो हसला नाही, आणि गंमतही म्हणाला नाही.

सोमवारी पहाटे सुप्रियानं डबा भरला आणि मोटरसायकलपाशी नेऊन दिला.

"मी मिनलला फोन करणार आहे," ती म्हणाली. "तुझ्या चोरून करायचा नाही म्हणून सांगतेय."

"आई, माझी अब्रू काढशील."

"तुझं नाव घेत नाही. कुणाचंच घेत नाही. एवढंच सांगणार, की न कळवता या आणि बाकाखाली बघा."

"त्यांना समजणार नाही का कुणाच्या आईनं सांगितलं? ठेचा कुणाचा खाल्लाय त्यांनी?"

"मग तू सांग. तू सांगितलंस तर ती तुझी गोष्ट. शेखरभाऊंना सांग नाहीतर मिनलला. तुझ्या चहाच्या सुट्टीपर्यंत थांबते मी. त्यानंतर नाही थांबणार."

त्यानं हातमोजे चढवले. डाव्या हाताचा मोजा बसवायला वेळ लागला. ती मदतीला पुढे झाली नाही. हे तिला फार जड गेलं.

"चिकटपट्ट्या लावायला लागल्या तर?" त्यानं विचारलं. आवाजात आता वाद नव्हता, खरोखरीची भीती होती.

"लावशील. चिडशील, घरी येऊन माझ्यावर आदळआपट करशील. मी ऐकून घेईन. आणि बाकीच्या वेळात ती सूनबाई धर की. तिला पण कुणीतरी धरणारा लागेलच."

तो निघाला. गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

भिमाजी दुधाची किटली घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सुप्रियाला वाटलं, आता 'आसंल' येणार.

"पोरगं चिडंल," तो म्हणाला.

"चिडू दे."

"व्हय. चिडू दे." त्यानं किटली खाली ठेवली. "काल मैदानात मी बी हुतो. पल्याड, झाडाखाली."

सकाळची शिकवणी झाली. सुप्रियानं पोरांना आरशांचं गणित घातलं आणि स्वतःच चुकीचं सोडवलं. पोरांनी हसून घेतलं. पोरं गेली. तिनं कांदे चिरले, लागत होते त्याहून बरेच जास्त चिरले. फोन ओट्यावर समोर ठेवला होता. एकदा वाजला, ती झेपावली, तर शालनबाई विचारत होत्या, विरजण आहे का. दुसऱ्यांदा कर्ज हवंय का विचारणारी बाई. तिला सुप्रियानं असं काही उत्तर दिलं की ती बिचारी पुन्हा कुरुळीत फोन करायची नाही.

चहाची सुट्टी झाली असणार. ती सरलीही असणार. आता तिकडे पुन्हा ग्राइंडर सुरू झाले असतील. रोहिदासनं सांगितलं का नाही? धीर झाला नसेल. किंवा सांगायला गेला असेल आणि शेखरभाऊंनी टिंगल करून परत पाठवला असेल. किंवा सांगितलं असेल आणि फोन करायचं राहिलं असेल. आणखी थोडं थांबावं असं तिला वाटलं. मग डोळ्यांपुढे तो घोटा आला, आणि त्यावर पडलेला, काहीच न कळणारा तो हात.

तिनं कांद्याचे हात धुतले, पदराला पुसले, फोन उचलला आणि मिनलचा नंबर लावला.